माझं नाक आणि दाजींच्या गायी

माझ्या बायकोला माझं बहुतेक सगळं माहीत आहे. कुठला पाहुणा समोरून दिसला की मी गल्ली बदलतो, देवळात डोळे मिटून खरं काय चाललेलं असतं, सगळं. पण हे तिला माहीत नाही. माझ्या ताईला नाही, साडूंना नाही. आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय. का? तुम्ही दर महिन्याला ग्लास धरून माझ्या तोंडाकडं बघत बसत नाही, म्हणून असेल.

गोष्ट दारूची आहे. म्हणजे, नाकाची आहे. थांबा, नीट सांगतो.

मी जळोचीला राहतो आणि एका डेअरीत नोकरी करतो. सुरुवातीची बरीच वर्षं माझं काम एवढंच होतं – दुधाची गाडी आली की कॅनचं झाकण उघडायचं, वाकायचं, वास घ्यायचा आणि म्हणायचं, घ्या किंवा परत. आता त्याला मशीन आलं आणि मी टेबलाला लागलो. पण नातेवाइकांत माझं नाव झालं ते झालंच. कुठल्या गायीनं कांद्याची पात खाल्ली तेसुद्धा रमेश सांगतो, असं लोक बोलायचे. खोटं नव्हतं ते. तेव्हा खरंच सांगायचो.

माझे साडू विलासराव, म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान, एमआयडीसीतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्याकडं परदेशातले पाहुणे येतात आणि येताना सिंगल माल्ट व्हिस्की आणतात. साडूंना बाटल्या मिळत, पण काय बोलावं ते कळत नसे. मग त्यांना माझी आठवण झाली. दुधाचा वास ज्याला कळतो त्याला व्हिस्कीचा कळणार नाही का? जगात हा तर्क दुसरं कुणी लढवेल असं मला वाटत नाही. आमच्याकडं तो सगळ्यांना पटला. मलाही पटला.

अशी महिन्यातल्या एका रविवारची बैठक सुरू झाली. पिंपळीला साडूंचं शेत आहे, तिथं चिकूच्या झाडाखाली दुपारी. साडू, मी, आणि माझे दाजी. दाजी म्हणजे ताईचे यजमान. कळसला त्यांची शेती, ऊस आणि गोठ्यात पाच गायी. आमची बायका-मंडळी या बैठकीला 'घटक चाचणी' म्हणायची, कारण आम्ही खरोखरच मार्क द्यायचो. पाटीवर, खडूनं. पद्धत अर्थातच दुधाची. वासाला दहा, चवीला दहा, फॅटला दहा, म्हणजे जिभेवर किती दाट बसते त्याला. आणि शेवटचे दहा शेपटाला. घोट गेल्यावर चव मागं किती वेळ रेंगाळते, ते शेपूट. हा शब्द दाजींचा. खारे शेंगदाणे मी बंद केले होते, तोंड बिघडतं म्हणून. पाणी थेंबानंच घालायचं, आणि त्यासाठी कानाच्या औषधाचा ड्रॉपर उकळून ठेवला होता. हसा. आम्ही मात्र हसत नव्हतो.

पहिल्या दिवशी दाजींनी विचारलं होतं की हे माल्ट म्हणजे नक्की काय. मी सांगितलं, सातू भिजवायचा, त्याला मोड आणायचे, मग तो वाळवायचा. दाजींनी विचार केला आणि म्हणाले, म्हणजे मटकीच की. तेव्हापासून आमच्याकडं सिंगल माल्टला मटकी म्हणतात. साडू कंपनीतून फोन करून म्हणतात, या रविवारी बारा वर्षांची मटकी आहे.

आणि मी बोलायचो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुराची व्हिस्की आली की म्हणायचो, गुऱ्हाळाच्या चुलवणात ओलं चिपाड घातल्यावर जो धूर डोळ्यांत जातो ना, तो. शेरी नावाच्या गोड वाइनच्या पिंपात मुरलेली आली की म्हणायचो, जुन्या गुळाची ढेप फोडली आणि तिच्यात काळा मनुका सापडला. दाजी ग्लासात नाक घालून मान हलवायचे. ऑफिसात माझ्या शब्दाला फार वजन नाही. घरी किती आहे ते विचारू नका. पण चिकूखाली मी 'सुंदर' म्हटलं की ती बाटली सुंदर असायची. हे माणसाला फार लागतं हो. उगाच नाही सांगत.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत आम्ही सगळेच आजारी पडलो आणि सगळेच वाचलो. वास बहुतेकांचा जायचा, तसा माझाही गेला. बायकोचा परत आला. साडूंचा आला. माझा आला नाही. अजून आलेला नाही. सकाळी चहा कपात गरम आहे एवढंच कळतं. मोगरा म्हणजे पांढरं फूल, बस्स.

सांगितलं का नाही? सुरुवातीला वाटलं, येईल आज-उद्या. मग बैठका परत सुरू झाल्या, साडूंनी पाटी पुसली, माझ्या हातात ग्लास दिला आणि दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी ग्लास नाकाशी नेला. काही नाही. रिकाम्या खोलीत डोकावल्यासारखं. आणि मी म्हणालो, अहाहा.

पुढं ते जमतच गेलं. बाटलीचं नाव आदल्या दिवशी काढून घ्यायचं, मोबाइलवर वाचायचं, आणि तिथले सफरचंद आणि मध उसाच्या फडात आणून सोडायचे. गोड आणि कडू जिभेला कळतं, बाकीचं साडूंच्या भुवयांवरून. एकदा साडूंनी चुकून दुसरीच बाटली ओतली. तिच्यात धुराचा मागमूस नव्हता आणि मी तिकडं चुलवण पेटवून बसलो. साडू जरा गोंधळले, परत वास घेतला आणि म्हणाले, हां, मागून येतोय खरा. त्या दिवशी मला कळलं की आपल्याला कुणी पकडणार नाही. खरं सांगू? नाक असताना मी कधी इतकं छान बोललो नव्हतो.

अशाच एका रविवारी हात धुवायला हौदावर गेलो तर दाजी मागून आले. इकडंतिकडं बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"रमेश, तुला खरंच वास येतो का रं? मला काय बी येईना बग. आजारपणापासनं."

दाजी माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. मी शाळेत असताना ताईचं लग्न झालं, आणि मला सायकल शिकवली ती या माणसानं, कळसच्या कॅनॉलच्या कडेनं, मागं पळत पळत. त्यांना मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. त्यांना वाटत होतं, आपल्या एकट्याचंच काहीतरी बिघडलंय. डोक्यात काही असेल का, असंही त्यांनी विचारलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं – दाजी, माझंही तसंच आहे. त्यांनी पाठीत धपाटा घातला असता, आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो आणि साडूंना अजून वर्षभर फसवलं असतं.

मी म्हणालो, "येतो की. तुम्हालाही येईल हळूहळू."

का म्हणालो? चिकूखालची ती खुर्ची मला सोडवेना. दुसरं काही कारण नाही.

त्यानंतर दाजी माझ्या शेजारीच बसायला लागले. मी बोलायला लागलो की ते डोळे मिटायचे. एकदा म्हणाले, "तू बोलत ऱ्हा. तू बोलतोस तवा मला थोडं थोडं आल्यागत वाटतं." आणि मी जे मार्क देईन तेच ते द्यायचे. साडू चिडवायचे, दाजी, कॉपी करताय. दाजी म्हणायचे, मग, हुशार पोराच्या शेजारी बसायचं कशाला? मला हे आवडायचं. आवडायचं म्हणजे – मी आणखी चांगलं बोलायचा सराव करायचो. आंघोळ करताना.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. इतका वेळ ग्लासाभोवतीच फिरतोय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

गेल्या वर्षी ताई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. मुलगा तिकडंच नोकरीला. घरात दाजी एकटे. मी बँकेच्या कामाला इंदापूरला गेलो होतो, येताना कळसला थांबलो. दाजी मुरघासाच्या खड्ड्याजवळ उभे होते. मुरघास म्हणजे मका कापून, दाबून, हवाबंद करून आंबवलेला चारा. चांगला मुरला तर त्याला आंबूस-गोड वास येतो आणि बिघडला तर घाण. रंगावरून दर वेळी कळतंच असं नाही. वरचा कागद उंदरांनी कुरतडला होता, आत पाणी गेलं असेल का, अशी दाजींना शंका होती. एरवी ताईनं वास घेऊन सांगितलं असतं. शेजाऱ्याला बोलवायला ते निघाले होते, तेवढ्यात मी आलो. त्यांचा चेहरा उजळला. हे मी विसरू शकत नाही. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं बाबा आलास. तुझ्यासारखं नाक आख्ख्या तालुक्यात न्हाय. एकदा वास घे आन् सांग, घालू का न्हाय."

मी मूठभर मुरघास उचलला. जरा काळपट होता. नाकाशी नेला, डोळे मिटले, सवयीनं मनगटही फिरवलं, ग्लास फिरवतात तसं. काही नाही. तेव्हा तरी? तेव्हा तरी म्हणायचं होतं, दाजी, शेजाऱ्याला बोलवा. कारणसुद्धा द्यायची गरज नव्हती. सर्दी झालीय म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणालो, आंबूस आहे, मागून जरा गोड, शेपूटही लांब आहे. दहापैकी नऊ.

दाजी मनापासून हसले. घमेलं भरलं आणि गव्हाणीत टाकलं. मी चहा घेऊन घरी आलो.

आठवड्याभरात रंगी गाभडली. ती त्यांची सगळ्यात आवडती गाय, सातवा महिना होता. दुसरीनं खाणं टाकलं. डॉक्टर आले, त्यांनी खड्ड्याजवळ जाऊन तोंडच फिरवलं. म्हणाले, याचा वास तर रस्त्यापर्यंत येतोय, कुणी घातला हा? दाजींनी सांगितलं, मी घातला, मला वास येत नाही. माझं नाव घेतलं नाही. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. मला वाटलं, आता सुटलो, आता ते विचारतील आणि मला सांगावं लागेल. त्यांनी विचारलं नाही. उलट मलाच समजावलं, की तू वास घेतलास तो वरचा थर चांगलाच असणार, पुढचा मी काढला, तो बिघडलेला होता, माझ्या नाकाला कळलं नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

थर एकच होता. माझ्या हाताला तो काळपट चारा अजून आठवतो.

मग ताईचा फोन. दाजी गायी विकायला निघालेत. म्हणतात, ज्याला चाऱ्याचा वास कळत नाही त्यानं मुक्या जनावराला दावणीला बांधू नये. पोरपणापासून गोठ्यात वाढलेला माणूस आहे रे, गायी गेल्या तर करतील काय दिवसभर? ताई म्हणाली, ते तुझंच ऐकतात. तू जा.

मी गेलो. जाताना गाडीवर हौदापाशी न बोललेलं तेच वाक्य घोकत गेलो. दाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं, रंगीकडं बघितलं, आणि विचारलं,

"तुला काय वाटतं? इकू का ठिवू? तू सांगशील तसं."

साडूंच्याकडं येत्या रविवारी अठरा वर्षांची एक बाटली यायची होती. हे त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं, आणि हे मी आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केलेलं नाही. मी म्हणालो, "विका दाजी. वयही झालंय आता, झेपत नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, व्हय, खरं हाय.

टेंपो आला तेव्हा मी तिथंच होतो. चार गायी चढल्या. रंगी चढेना, तेव्हा दाजी स्वतः आधी वर चढले आणि तिला हाक मारली. ती त्यांच्यामागं गेली. मग ते एकटेच खाली उतरले, मी त्यांना हात दिला आणि त्यांनी तो घेतला.

बैठक अजून होते. पूर्वी दाजी धारेच्या वेळेला घाईनं उठायचे, आता उठत नाहीत, आम्ही जाऊ म्हणेपर्यंत बसतात. माझ्याशी ते पूर्वीपेक्षा जास्तच प्रेमानं वागतात. ताईलाही सांगतात, रमेश होता म्हणून निर्णय घेता आला.

मला वास येत नाही. त्या दिवशीही येत नव्हता. दाजींनी चाऱ्याची पारख नाकावर नाही, माझ्यावर सोडली होती, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. गायी विकायचं काही कारण नव्हतं. त्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो, आणि दोघांपैकी फक्त मला हे माहीत होतं.