बँकांची बँक

आमच्या गल्लीत मायला नावानं कोणी हाक मारत नसे. तिला 'बँकांची बँक' म्हणत. ही बाबांची करणी. पेपर मोठ्यानं वाचायची त्यांना खोड. एकदा त्यात देशाच्या मोठ्या बँकेचं हे टोपणनाव आलं. ओट्यावर बसलेल्या शेजारणीनं अर्थ विचारला. बाबा म्हणाले, माणसाचं अडलं की तो बँकेत जातो, बँकेचंच अडलं तर ती ह्या मोठ्या बँकेकडे जाते. शेजारीण म्हणाली, मंग थे तर तुमच्या घरातच बसून हाये.

खोटं नव्हतं. बाया एकमेकींना वांग्याचं बी देत आणि देणारीचंच संपलं की ती मायकडे येई. चिमूटभर न्यायचं, पुढच्या पेरणीआधी मूठभर आणून द्यायचं. माय ते राखेत मिसळून मडक्यांत ठेवी. बाया दारातूनच विचारत, बँक उघडी हाये काय?

हिवाळा सरता सरता माय गेली. तेरवी झाली, भांड्यांचा ढीग पडला. कोपऱ्यात मडकी दिसली, राख दिसली. मी त्या राखेनं भांडी घासत सुटले. शेवटच्या मडक्यात बोटांना बी लागलं तेव्हा ध्यानात आलं, हे मायचं बी. तरी हात थांबला नाही. काही वाटलंच नाही. मायसाठीही रडू आलं नव्हतं, बियासाठी कुठून येणार?

बाबांना सांगितलं नाही. मालेगावहून पाकिटं आणली, पण मायचं काटेरी वांगं त्यांत नव्हतं. मृग जवळ आला तशी दाराकडे पाहायची भीती वाटू लागली. गल्लीचं बी मी मोरीत घालवलं होतं.

एका सकाळी तीच शेजारीण आली. तिनं तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, बी गेलं, माझ्याच हातानं गेलं. तिनं पदराची गाठ सोडली. आत मूठभर बी होतं, गेल्या वर्षी नेलेल्याचं.

"तुह्या मायले द्याचं होतं," ती म्हणाली. "आता तुले."

मी म्हटलं, मी कायची बँक?

"मडकं आन."

आणलं. पण राख कुठली? पाणी तापवायची चूल मायनंतर पेटलीच नव्हती. मी तिच्यामागे तिच्या घरी राख मागायला गेले. जरा थंड होऊ दे, ती म्हणाली. मी तिच्या उंबऱ्यावर बसले आणि माय गेल्यापासून पहिल्यांदा रडले.