पाणी देण्याआधी

ताईने लग्न ठरवल्यावर दाजी पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले. आल्या आल्या ते स्वयंपाकघरात शिरले, तिथली सुरी उजेडात धरली आणि वडिलांना विचारलं, "ही कशावर घासता? फरशीवर?" न्यायाधीशाने 'एकूण खून किती?' विचारावं, तसा सूर. वडील कबुली देऊन मोकळे झाले. जेवण गार होईपर्यंत दाजींनी घरातल्या सगळ्या सुऱ्या, कात्र्या आणि वडिलांचा वस्तरा यांना धार लावली. आणखी तासभर मिळता, तर आमच्या चमच्यांनीही रक्त काढलं असतं.

"माणूस सरळ आहे," आई म्हणाली. "फक्त त्याने हात लावलेल्या वस्तू जपून उचला."

दाजी सुऱ्या बनवत. घरामागच्या खोलीत भट्टी, ड्रिल मशीन आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक वाया गेलेली सुरी. तरुणपणी ते कडक झालेल्या पात्यात स्क्रूसाठी आटे पाडायला गेले होते. आटे पाडायचं हत्यार, टॅप, कडकन मोडून भोकातच अडकलं, ते कायमचं. तेव्हापासून नियम ठरला. भोकं आणि आटे पाडायचे ते पोलाद मऊ असताना. मग आट्यांवर पापुद्रा धरू नये म्हणून भोकांत माती भरायची, पातं लालभडक तापवायचं आणि कडक होण्यासाठी तेलात बुडवायचं. याला ते 'पाणी देणं' म्हणत. तेलाचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे.

"एकदा पाणी दिलं की भोक हलत नाही. विचार काय करायचा तो आधी करा." स्वतः ते इतका विचार करत, की सुरी हातात पडेपर्यंत गिऱ्हाईक असलेला खाटीक निवृत्त होई.

मग कित्येक वर्षांनी ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. तीन आठवड्यांनी बोटं जराशी मिटू लागली, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हाताला रोज काम द्या. बसून राहिला तर आखडेल." ताईला कांदा चिरायचा होता. नेहमीची सुरी हातातून गळून पडे.

दाजी पेटून उठले. ताईकडून ओल्या मातीचा गोळा दाबून घेतला आणि त्या ठशावरून मूठ कोरली. पात्याला चार भोकं, त्यांत आटे, मूठ स्क्रूने बसवायची. पाणी द्यायच्या आदल्या दिवशी ताईची करंगळी जरा जास्त मिटली.

"थांबा," दाजी म्हणाले. "हात अजून बदलतोय."

"बदलू दे की. तुम्ही सुरी द्या."

"अगं, आत्ता पाणी दिलं आणि उद्या मूठ बदलावी लागली, तर नवी भोकं कुठे पाडू? तुझ्या डोक्यात?"

"पाडा. ते मऊ आहे असं तीस वर्षं तुम्हीच म्हणताय."

"ही देऊन टाका, नंतर दुसरी बनवा," मी म्हणालो. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसरी बायकोच करायला सांगितली होती.

दर रविवारी नवा ठसा. फळीवर मातीच्या मुठी ओळीने वाळत पडल्या. हाताला चुकीच्या पकडीची सवय लागू नये म्हणून घरातल्या बाकीच्या सुऱ्या दाजींनी कुलपात ठेवल्या. ताई हात मांडीवर घेऊन बसून असे.

"हाताला काम दिलं का?" बाई फोनवर विचारत.

"देतोय. माप पक्कं होऊ द्या."

पाचव्या महिन्यात लागोपाठ तीन ठसे तंतोतंत सारखे आले. दाजी लहान पोरासारखे नाचले. "स्थिरावला! हात स्थिरावला!" नवं पातं, भोकं, आटे, माती, भट्टी, तेल. मी त्यांना इतक्या भराभर काम करताना कधी पाहिलं नव्हतं. स्क्रू लोण्यात शिरावेत तसे आत गेले.

ताईच्या मुठीत सुरी बसली. बोटं आणि लाकूड यांत केसभर फट नाही. दाजींनी कांदा पुढे ठेवला. ताईने जोर लावला. खांदा हलला, मान हलली, मनगट आणि बोटं जागच्या जागी राहिली. त्या दिवशी मुद्दाम बोलावलेल्या बाईंनी बोटं उलगडून पाहिली, ती उलगडेनात.

"हा स्थिरावलेला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आखडलाय."

दाजी त्या चार स्क्रूंकडे बघत राहिले.

"माप मात्र बरोबर आहे हो," ताई म्हणाली.

आता ताई डाव्या हाताने चिरते, बाजारातल्या प्लास्टिकच्या मुठीच्या सुरीने. दाजींच्या सुरीने टपालाची पाकिटं फोडतात.