ब्रेक लागला नाही

चाकणच्या एका कारखान्यात मी ब्रेकच्या तक्रारी बघते. गाडी कुठेतरी धडकली की लोक पत्र लिहितात, ‘ब्रेक लागला नाही.’ ‘मी लावला नाही’ असं पत्र माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही आलेलं नाही. आपली मराठी या बाबतीत फार मायाळू आहे. कप फुटतो, दूध उतू जातं, गाडी धडकते, माणूस आपला बाजूला उभा. मी ब्रेक उघडून बघते, तो बिचारा बहुतेक वेळा धडधाकट निघतो. मग मी सभ्य भाषेत कळवते की ब्रेक वेळेवर दाबला होता का, तेही एकदा आठवून पाहावे.

माझ्या धाकट्या भावाला गाड्यांच्या शर्यतीचं वेड. आठवडाभर कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायची आणि रविवारी जुन्या गाडीला लोखंडी पिंजरा बसवून मातीच्या ट्रॅकवर धुरळा उडवायचा. कासारवाडीच्या आमच्या घरात त्याच्या हेल्मेटची जागा देवघराशेजारी आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हाच माणूस माझी स्कूटर इतकी जपून चालवतो की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून दमतात. ट्रॅकवर त्याच्या अंगात काय येतं, देव जाणे.

गेल्या वर्षी त्याच्या गाडीखाली एक माणूस गेला. बघा, मीसुद्धा ‘गेला’ म्हणते. माझ्या भावाने त्याला उडवलं. वळणावर एक गाडी उलटली होती आणि चाकणजवळच्या गावचा एक तिशीतला फिटर पिवळा झेंडा घेऊन तिथे उभा होता. हौसेनं यायचा दर शर्यतीला. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा, एवढा साधा नियम.

चौकशीत भावानं सांगितलं, “झेंडा दिसला नाही, आणि ब्रेकही लागला नाही.” अपघात म्हणून कागद मिटले. पण कंपनीच्या बसमध्ये त्याच गावची एक बाई बसते. तिच्याकडून कळलं, गावात सगळे म्हणतात की पोरगा झेंडा दाखवायलाच विसरला, स्वतःच्या चुकीनं मेला. आईबाप मान खाली घालून वावरतात.

एका पत्रात दोन कारणं आली की मला आधी संशय येतो. मी भावाला त्या गाडीचे ब्रेक काढून आणायला लावले आणि गॅलरीत वर्तमानपत्र पसरून उघडले. पॅड चांगले, पिस्टन मोकळा, कुठे गळती नाही.

“ब्रेक ठणठणीत आहे,” मी म्हणाले. “आता झेंड्याचं सांग.”

“ताई, चौकशी संपलीय ना.”

“माझी नाही संपली.”

तो रडायला लागला. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. राग आधी काढला. मग म्हणाले, चौकशीवाल्यांना खरं काय ते लेखी दे, पण त्याआधी त्याच्या घरी चल.

रविवारी गेलो. त्याचे वडील ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. भाऊ आठवडाभर पाठ केलेलं भाषण दारातच विसरला.

“काका, त्या दिवशी ब्रेक...”

“व्हय, लागला न्हाई. समद्यांनी सांगितलंय.”

“लागला असता. मी लावला नाही. पुढच्या गाडीला गाठायचं होतं. झेंडा दिसला होता मला.”

म्हाताऱ्याच्या हातातली जुडी तशीच राहिली. आता शिव्या येणार, कदाचित मारही, म्हणून मी भावाच्या जवळ सरकले.

“म्हंजे त्यानं झेंडा दावला व्हता?”

“हो काका. जोरजोरात हलवत होता.”

आमच्याकडे न बघता ते दाराकडे वळले.

“आगं, भायेर ये,” त्यांनी हाक मारली. “आपल्या पोरानं झेंडा दावला व्हता.”