मोटार भरायचा तास

सत्तर सालानंतरची गोष्ट. पाटणच्या बाजूला आमचं हायस्कूल. तिथं टेक्निकलचा वर्ग सुरू झाला आणि मी नुसती हरखून गेले. तोवर उद्योगाच्या तासाला पोरांना सुतारकाम आणि पोरींना शिवण, एवढंच. आता सांगलीहून नवे सर आले, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रं आली आणि सर म्हणाले, मुलींनाही यायचं असेल तर यावं. नववीतल्या सगळ्या पोरी माना खाली घालून बसल्या. मी हात वर केला. काजं करकरून माझ्या बोटांची चाळण झाली होती.

वडील फौजेत, त्यामुळं घरात आईचाच शब्द. ती भाकरी थापत होती. म्हटलं, "आये, शाळेत आता भरायला शिकवत्यात. मी जाऊ?"

"जा की. लय चांगलं झालं," ती म्हणाली.

विजेच्या जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार बसवायची, याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. आईला मात्र भरणं म्हणजे भरतकाम. तिनं बाजारातून हिरवं-गुलाबी रेशीम आणलं आणि शेजारच्या काकीला सांगूनही टाकलं, पोरगी रुखवताला मोर भरणार. मी कशाला खुलासा करू? विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मला तर जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. मोटारीच्या पोटात खाचा असतात, त्यांत तारेच्या गुंडाळ्या दाबून बसवायच्या. एक जरी उलटी बसली की सगळी मेहनत पाण्यात. माझी पहिली मोटार नुसती गुरगुरली आणि धूर सोडून गप्प झाली. मी रडले नाही, सगळी तार उपसली आणि पुन्हा बसले. वार्निशचा तो वास मला अजून आवडतो.

दुसऱ्यांदा भरलेली मोटार चालू करायच्या दिवशीच काकी शेडवरून गेली. मला आत बघितलं आणि तडक आमच्या रानात जाऊन सांगितलं, "मोर कुठला घेऊन बसलीस, तुझी लेक पोरांच्यात बसून तारा वळतीया."

आई चिखलाच्या पायांनीच शेडच्या दारात. "चल घरी. उद्यापासनं शिवणाला बसायचं, न्हाईतर शाळा बंद."

मला रागच आला. "आधी ही चालू हु दे, मग कुठं न्यायचं तिथं ने."

सर शांतपणे म्हणाले, "ताई, मोटार हिनं भरलीय. बटण तुम्हीच दाबा."

कोयनेच्या विजेच्या तारा आमच्या घरावरून पुढं जायच्या, घरात मात्र रॉकेलची चिमणी. आईनं आयुष्यात बटण दाबलं नव्हतं. तिनं पदराला बोट पुसलं आणि दाबलं. मोटार घुमायला लागली, एकसारखी, धूर नाही, काही नाही. मी जागेवरच उड्या मारत होते. आईनं बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद.

"पोरीला ऱ्हाऊ द्या हितंच," ती म्हणाली. मग पदर खोचून, "आवं मास्तर, माझ्यासारखीला घेता का वो वर्गात?"

पोरं हसली. सरही हसले. आई हसली नाही. ती उत्तराची वाट बघत उभी होती.