पत्र्यापलीकडचं पार्सल

पिंपळे गुरवला आमच्या सोसायटीत दिवसभर पार्सलवाल्यांची ये-जा असते. पोरं लिफ्टने वर येतात, बेल वाजवतात, बूट, मोबाइलची कव्हरं, कुत्र्याचं खाणं दारात देऊन जातात. एखाद्याला जरा उशीर झाला की सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब सुरू होते. तो गोंधळ वाचला की माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळातलं एक प्रकरण डोळ्यांसमोर येतं आणि मस्तकात तिडीक जाते. मी निवृत्त झालो, ती तिडीक काही निवृत्त झालेली नाही.

तेव्हा मी चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी घेऊन केबिनमध्ये आलो, तर बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आवाज चढलेला. कंपनीचा मळका शर्ट घातलेला एक तरुण तावातावाने बोलत होता आणि अंमलदार त्याला समजावत होते की पार्सल आलं नाही तर ग्राहक मंचाकडे जावं, पोलीस ठाण्यात नाही. मी त्याला आत बोलावलं.

तो जवळच्या एका गावाच्या मळ्यातल्या वस्तीवर राहणारा. कंपनीत कंत्राटी कामगार. त्याची मुलगी अजून रांगतही नव्हती. तिला जन्मजात आजार होता. दुधातला एक घटक तिच्या शरीराला चालत नव्हता. तो अंगात साठला की थेट मेंदूला धोका. त्यासाठी डॉक्टरांनी एक खास पावडर सांगितलेली, आणि ती चाकणपासून पिंपरीपर्यंत कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नव्हती. ऑनलाइन मागवली की पार्सलने यायची. या वेळी मोबाइलवर मेसेज आला, ‘आपले पार्सल पोहोचले आहे’. पार्सल मात्र कुठेच नव्हतं.

“घरात होती ती पावडर पुरवून पुरवून दिली साहेब,” तो म्हणाला. “मग साधं दूध द्यावं लागलं. पोरीला झटके आले. आता पिंपरीला दवाखान्यात सलाईनवर हाय. डाक्टर म्हणत्यात, पावडर आणा. कुठनं आणू?”

मी कुरिअर कंपनीचा तक्रार क्रमांक लावला. आधी बराच वेळ संगीत ऐकवलं. मग एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, “सर, आमच्या सिस्टिममध्ये पार्सल डिलिव्हर्ड दिसतंय.” मी म्हटलं, बाई, पार्सल घरी नाही आणि मूल दवाखान्यात आहे. ती म्हणाली, “आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” गैरसोय! तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला, तक्रार नोंदवून घ्यायला सांगितलं आणि नवी पावडर मागवायलाही सांगितलं. पण ती यायला वेळ लागणार होता, आणि दवाखान्यातल्या त्या लेकराकडे वेळ नव्हता.

वस्त्यांवरच्या पार्सलची रड मला नवी नव्हती. शहरातल्या वाचकांना ती माहीत नसते म्हणून सांगतो. मळ्यातल्या घरांना नंबर नसतो आणि सगळ्या वस्तीचं आडनाव एकच. नकाशात पत्ता टाकला की खूण उमटते ती शेजारच्या एखाद्या कंपनीच्या गेटवर, आणि तिथला वॉचमन पार्सलवाल्याला हाकलून देतो. मग पार्सलवाला फोन करतो, “फाट्यावर या.” लोकही हातातलं काम टाकून फाट्यावर जातात. पैसे घरपोचचे मोजलेले असतात, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. अन्यायाची एकदा सवय झाली की तो माणसाला रिवाज वाटायला लागतो, हे मी खात्यात राहून पुष्कळ पाहिलं आहे.

दुपारी एक खबर आली. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसणारा आमचा एक माणूस म्हणाला की त्या भागातला पार्सलवाला पोरगा मधल्यामध्ये पार्सलं फोडून विकतो. आम्ही पोराला उचलून आणलं. चिखलीला खोलीवर राहणारा, मूळचा लातूरकडचा. त्याच्या पिशव्या, गाडीची डिकी, खोली, सगळं तपासलं. काहीही सापडलं नाही. खबऱ्याचं आणि त्याचं आदल्या आठवड्यात गाडी लावण्यावरून भांडण झालं होतं, हे नंतर कळलं.

“मी खरं सांगलालो साहेब,” पोरगा हात जोडून म्हणत होता. “मी फाट्यावर न्हाई बोलावलं त्यांना. वस्तीपर्यंत गेलतो.”

“मग घरात का नाही दिलं?”

“फुडं रस्ताच बंद होता की. पत्रा ठोकलेला आडवा. अलीकडं एक घर होतं, तिथल्या माणसाला नाव दाखवलं. ते म्हणले, आमच्यातलंच हाय, ठिव. घरच्या बाई रानात होत्या, त्यांना फोन करून ओटीपी घेतला. पार्सल घरी ठेवलंय म्हणून सांगितलं.”

“दुसऱ्याच्या घरात ठेवून ओटीपी कसा घेतलास?”

“परत घिऊन गेलो तर हबवाले बोलतेत साहेब. दुसऱ्या दिवशी काम देत न्हाईत. आडनाव एकच, मला वाटलं एकच घर हाय.”

मी त्याला घेऊन थेट वस्तीवर जायला निघालो होतो. पण तेवढ्यात हबचा, म्हणजे कुरिअरच्या गोदामाचा इनचार्ज आला, इस्त्रीच्या शर्टातला, हातात दोन मोबाइल. मी विचारलं, पत्त्यावर न जाता पार्सल पोहोचल्याची नोंद कशी होते? तो म्हणाला, “सर, सिस्टिममध्ये ओटीपी आहे, फोटो आहे. आमच्याकडून केस क्लोज आहे.” रस्ता बंद असेल तर पोरांनी काय करायचं, असं विचारल्यावर तो एक मोबाइल चाळायला लागला. फोटो ग्राहकाला का दाखवला नाही, तर तशी पॉलिसी नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की फोटो आत्ताच्या आत्ता माझ्या मोबाइलवर पाठवायचा, नाहीतर दोन्ही मोबाइल जप्त करून पंचनाम्यात घेतो. फोटो लगेच आला.

फोटोत शेणाने सारवलेला ओटा होता आणि त्यावर खोकं. मागे पत्र्याचं कुंपण. आपल्या पट्ट्यात प्रेस शॉपमधून गोल तुकडे कापून उरलेला पत्रा भंगारात मिळतो, त्या भोकाभोकांच्या पत्र्याची कुंपणं गावोगाव दिसतात. तसलंच हे होतं. मी मुलीच्या बापाला बोलावून फोटो दाखवला. त्याने मोबाइल हातात घेतला, पाहिला आणि पटकन परत दिला.

“ओळखतोस का हे घर?”

“न्हाई साहेब.”

त्याने नजर खाली घातली. तिसेक वर्षं जबाब घेतलेल्या माणसाला एवढं पुरतं. हवालदाराला पोरासोबत वस्तीवर पाठवलं आणि मी महिला अंमलदाराला घेऊन दवाखाना गाठला. ओटीपी मुलीच्या आईने दिला होता, तिचा जबाब घ्यायचाच होता.

ती कॉटच्या कडेला बसली होती. मुलीचा हात एवढासा, आणि त्या हाताला सलाईनची पट्टी. मूल रडत नव्हतं. रडलं असतं तर बरं वाटलं असतं. मी आईला फोटो दाखवला.

तिने लगेच सांगितलं, “ह्यो आमच्या थोरल्या जावेचा ओटा हाय.” मग माझ्याकडे पाहिलं. “साहेब, ह्यांनी बघितला का फोटो?”

“बघितला.”

“काय म्हणले?”

मी खरं ते सांगितलं. मग तिने सगळं सांगितलं. वस्तीला जाणारी वाट थोरल्या दिराच्या शेतातून होती. आजूबाजूच्या जमिनी कंपन्यांना गेल्या, भाव वाढले, आणि दोघा भावांत त्या वाटेवरून जुंपली. थोरल्याने पत्रा ठोकून वाट बंद केली. धाकट्याने तहसीलदाराकडे केस टाकली. आणि एका भांडणात दोघांनी खंडोबाच्या देवळात भंडारा उचलला, की आता एकमेकांच्या दाराला पाय लावायचा नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. आमच्या भागात भंडारा उचलून घेतलेली शपथ कोर्टातल्या शपथेपेक्षा भारी समजतात. कोर्टात खोटं बोललेले शेकडो पाहिले, भंडारा उचलून मागे फिरलेला एखादाच.

ती उठली. मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, शेजारच्या कॉटवरच्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि पदर खोचला.

“चला साहेब. भंडारा त्यांनी उचललाय, मी न्हाई.”

आम्ही पोहोचलो तेव्हा हवालदार ओट्यासमोर उभे होते आणि थोरला भाऊ खाटेवर बसला होता. पार्सल तिथेच होतं. ओट्याच्या कोपऱ्यात, खाली लाकडाची फळी, वरून प्लॅस्टिकचा कागद, कागद उडू नये म्हणून दगड. इतकं जपून ठेवलेलं की पाहून माझा संताप दुप्पट झाला. फेकून दिलं असतं तर त्याला निदान दुष्ट म्हणता आलं असतं.

“मी चोरी केली न्हाई साहेब,” तो म्हणाला. “शिलसुद्धा तोडलं न्हाई, बघा. मागाया यायचं हुतं. आमी न्हाई म्हणलो असतो का?”

“तुमच्या भावाची मुलगी दवाखान्यात आहे हे माहीत होतं?”

“ऐकलं हुतं.”

“या खोक्यात तिचं दूध आहे.”

त्याचा चेहरा पडला. “दूध?” एवढंच म्हणाला. आतून त्याची बायको बाहेर आली. “मी म्हणत हुते, नेऊन देते म्हणून,” ती रडत रडत म्हणाली, “तर म्हणले, त्याला गरज असंल तर येईल.” तिने कागद बाजूला केला, खोकं उचललं आणि धाकट्या जावेच्या हातात दिलं. धाकटीने दिराकडे पाहिलंही नाही. खोकं छातीशी धरून ती आमच्या गाडीत बसली.

पावडर दवाखान्यात पोहोचली, मुलगी वाचली. पार्सलवाल्या पोराला मी त्याच दिवशी सोडलं. हबच्या इनचार्जने दुसऱ्या दिवशी मला मेसेज पाठवला की आपल्या तक्रारीचं यशस्वी निराकरण झालं आहे आणि आमच्या सेवेला किती तारे द्याल. मी खात्याच्या शिस्तीत राहून उत्तर दिलं नाही.

मग मी दोन्ही भावांना ठाण्यात समोरासमोर बसवलं आणि नोकरीत क्वचित बोललो असेन तितकं बोललो. धाकट्याला विचारलं, पोरगी दवाखान्यात पडलेली असताना माझ्या मोबाइलवर तुला तुझ्या भावाचा ओटा दिसला आणि तू न्हाई म्हणालास? तो म्हणाला, “भंडारा उचललाय साहेब.” मी विचारलं, लेकीला उपाशी ठेव असं देवाने सांगितलं होतं का? मग दोघांना बाहेर बसवून मी कायद्याचं पुस्तक उघडलं. कुठलं कलम लावू? अपहार म्हणावा तर खोकं सीलबंद. खोटी माहिती म्हणावी तर देणारा स्वतः पोरीचा बाप. त्या दिवशी पहिल्यांदा मला कायद्याचं पुस्तक तोकडं वाटलं. कुरिअर कंपनीसाठी त्यात काही नाही आणि या दोघांसाठीही काही नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. गुन्हा शोधताना आपण नेहमी वाईट माणूस शोधतो. इथे सगळे आपापल्या जागी बरोबर होते. हबचा माणूस सिस्टिमप्रमाणे बरोबर, थोरला सील न तोडल्यामुळे बरोबर, धाकटा शपथेमुळे बरोबर. इतकी बरोबर माणसं एकत्र आल्यावर त्या लेकराची काय अवस्था झाली, ते मी पाहिलं आहे. तेव्हापासून ‘माझं काही चुकलं नाही’ असं म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला लग्नाला गेलो होतो. राहवलं नाही म्हणून गाडी वस्तीकडे वळवली. पत्रा तसाच उभा होता. फक्त मधोमध एक चौकोनी खिडकी कापलेली, हाताला लागू नयेत म्हणून कडा ठोकून वळवलेल्या, खाली फळी. अलीकडून थोरली जाऊ खोकं आत सरकवत होती, पलीकडून धाकटी घेत होती. तेवढ्यात धाकटीचा मोबाइल वाजला. पार्सल घरपोच झाल्याचा मेसेज होता, तो तिने जावेला वाचून दाखवला.

धाकटा भाऊ मला ओळखून पत्र्यापाशी आला. मी विचारलं, वाट उघडली नाही अजून?

“केस चालू हाय साहेब. पार्सलापुरतं ठरलंय आमचं.”

“आणि माणसांचं?”

“ते न्हाई ठरलं.”

त्याच्या मागे त्याची लेक आईच्या कडेवर होती. माझ्याकडे बघून हसली. तिच्या वयाची पोरं एव्हाना मळाभर पळतात. तिला अजून उभं राहता येत नाही.