भट्टीवरचे तीन दगड

मातीची चिमूट बोटांत चुरडून ती नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "हितं भट्टी व्हती." मग टाचेनं उकरायची. वीतभर खाली खरोखरच काळी माती लागायची.

ताम्हिणीच्या रस्त्यानं गेला असाल, तर तिच्या हातची भाकरी तुम्हीही खाल्ली असेल. एका ढाब्यामागं ती चुलीशी बसलेली असे. मी मूळचा विदर्भातला, नोकरीमुळे सूसला राहणारा. गावाकडच्या कोळसा खाणींचे फोटो मी काढत होतो. ते कॅमेऱ्यावर दाखवले, तर ती हसली.

"येवढा खड्डा? आमी न्हाई बाबा खणला. लाकडं रचायची, वरनं माती लिंपायची, आन् धूर बघत बसायचं."

तरुणपणी ती आणि नवरा ठेकेदारासाठी रानात कोळसा पाडत. त्या जुन्या भट्ट्यांच्या जागा शोधत आम्ही दर रविवारी फिरू लागलो. ती अनवाणी पुढं, मी महागड्या बुटांत घसरत मागं. फोटोसाठी पालथा पडलो की विचारायची, "भाऊ, पोट दुखतंय व्हय?" स्वतःच्या कामाचा मात्र तिला अभिमान. "धूर निळा झाला की हवेची भोकं बुजवायची. माज्या भट्टीची कदी राख न्हाई झाली."

एका जागी तिनं माती उकरली नाही. तिथं तीन दगड रचलेले होते. तिची पाच दिवसांची मुलगी तिथं पुरलेली होती.

"फोटू काडा. पर जागा कुनाला सांगू नका. मानसं आली की चुलीला दगडं शोदत्यात."

मी हो म्हणालो. महिन्याभरात फोटो फोनवरून इंटरनेटवर टाकला. कुणीतरी कौतुक करून ठिकाण विचारलं, आणि मी फुशारून नकाशावरची खूणही दिली.

पुढं आम्ही दोघं तिथं गेलो, तर त्या दगडांची चूल झालेली. भोवती बाटल्या.

"भाऊ, तुमी सांगितलं?"

"फोनमधून आपोआप गेलं असेल, मावशी."

"मग तुमचा काय दोस?" माझ्याच बाटलीतल्या पाण्यानं तिनं काजळी घासून धुतली. दगड पदरात घेतले. "तुमी हितंच थांबा. तुमालाच ठावं नसलं, तर फोन तरी काय सांगंल?"

झाडीत गेली, रिकाम्या पदरानं परत आली. पुढच्या रविवारी माझ्यासाठी भाकरी नेहमीसारखीच झाकून ठेवलेली होती.

गेल्या महिन्यात ती वारली. तिचा मुलगा शोधत माझ्या घरी आला. आईची मूठभर राख त्याला त्या दगडांपाशी ठेवायची होती.

"जागा तुमालाच ठावी हाय, आसं आई म्हनायची. चला की, भाऊ."

तेव्हा सगळं सांगितलं. खूण मीच दिली, फोनवर खोटंच ढकललं, आणि दगड आता कुठं आहेत ते मला माहीत नाही.

मांडीवरची राखेची पुडी त्यानं परत रुमालात बांधली.

"आई तर यातलं कदी काय बोलली न्हाई," एवढंच म्हणाला.