नोव्हेंबरची रजा

बयनाबाईला गावात सगळे फौजीबाई म्हणतात. तिनं कधी बंदूक हातात धरली नाही, रेल्वेतसुद्धा दोनदाच बसली. पण नवरा लढाईत गेला आणि त्याची ओळख बायकोला येऊन चिकटली. बाजारहत्नूरच्या अलीकडे तिचं गाव. साठी ओलांडली तरी ताठ चालते, कुणी वाकडं बोललं तर जागच्या जागी सुनावते. अशा तोंडाळ बाईनं एकच गोष्ट पस्तीस वर्षांत कुणाला विचारली नव्हती, आणि ती विचारायला आता एक सकाळ उरली होती.

नवरा भगवान पलटणीत होता. सत्याऐंशी साली पलटण श्रीलंकेत गेली. कशाला गेली, ते गावात कुणाला धड सांगता येत नव्हतं. आधी ऐकलं की तिथलं भांडण मिटवायला गेले. मग ज्यांना वाचवायला गेले त्यांच्याशीच जुंपली. इथल्या लोकांना ती लढाई नको होती, तिथल्यांना तर नकोच होती. तरी फौज परत कधी आणायची, ते ठरता ठरेना. आधी जुलै म्हणाले, मग डिसेंबर. दोन्हीकडच्या साहेबलोकांची बोलणी चालली होती, आणि तोवर पोरं मरत होती. कुणालाच नको असलेली लढाई थांबवायला एवढा मुहूर्त कशाला लागतो, हे बयनाबाईला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात भगवानचं पत्र आलं. नोव्हेंबरात महिनाभराची रजा मंजूर झाली होती. बयनाबाईला तेव्हा सहावा महिना होता. रेडिओ रोज सांगत होता, डिसेंबरच्या आत सगळी फौज परत. तिनं विचार केला, आत्ता महिनाभर येतील, रजा संपेल आणि बाळंतपणाच्या वेळी पुन्हा पलटणीतच. चौथीपर्यंत शिकली होती, म्हणून कुणाला न सांगता स्वतःच्याच हातानं लिहिलं: "तुमी आता येऊ नका. डिसेंबरात सगळेच येऊन राह्यले म्हणतेत. रजा राखून ठेवा आन् बाळाच्या टायमाले कायमचेच या."

भगवान नोव्हेंबरात आला नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रस्त्यात पुरलेल्या सुरुंगानं गेला. एकतीस डिसेंबर आला तसा गेला, तारीख पुन्हा पुढे ढकलली, आणि फौज परतली ती मार्चमध्ये. प्रतिभा जानेवारीत जन्मली. तिच्या मागोमाग भगवानची काळी पेटी घरी आली. आत घडी केलेले कपडे, कागदात गुंडाळलेला साबण आणि सगळ्यात वर बाळाची दोन टोपडी. पलटणीतल्या माणसांनी किती मायेनं भरून पाठवली, असं तिला वाटलं. तिनं पेटी तळापर्यंत चाचपली. तिचं पत्र त्यात नव्हतं.

तेवढ्याच आधारावर ती जगत आली. लढाईतलं टपाल ते, कुठं तरी गहाळ झालं असेल. पत्र पोचलंच नसेल.

खरं काय ते एकट्या चंपतरावाला ठाऊक होतं. इंद्रवेल्लीकडचा शेतकरी, भगवानचा पलटणीतला सोबती. दर डिसेंबरात तो न चुकता येतो, तिच्या हातची भाकर खातो. त्याची गोष्ट आता पंचक्रोशीला पाठ आहे: माय मरणाला टेकली होती, मला रजा मिळत नव्हती, भगवाननं त्याची दिली. ही गोष्ट जशीच्या तशी खरी असेल तर भगवान मोठ्या मनानं थांबला. पत्र पोचलं असेल तर तो बायकोचं ऐकून थांबला. बयनाबाई दर वर्षी भाकर वाढायची आणि प्रश्न गिळायची. विचारलं नाही तोवर थोडी आशा तरी शिल्लक होती.

आता मात्र प्रतिभानं, ती शाळेत शिक्षिका आहे, माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून शाळेच्या फाटकाशी बापाच्या नावाचा दगड उभा केला होता. त्यावर कोरलं होतं, 'आपली रजा सोबत्याला देऊन यांनी मरण पत्करलं.' सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर बयनाबाईनं त्यावरचं कापड काढायचं होतं. दगडावरची ओळ खोटी असेल तर ती आपल्या हातानं उघडायची, हे तिला सोसेना.

त्या सकाळी चंपतराव लवकरच आला, धुवट पांढरा सदरा घालून. बयनाबाईनं प्रतिभाला पुढं पाठवलं, चहा दिला आणि समोर बसली.

"भाऊ, खरं सांगा मले. त्या नोव्हेंबराच्या आधी त्यायले माह्यं पत्र भेटलं होतं काय?"

चंपतरावानं बशी खाली ठेवली. नाही म्हणा, एवढंच तिला हवं होतं. खोटं बोलला असता तरी चाललं असतं.

"भेटलं होतं, वयनी," तो म्हणाला. "मलेच वाचून दाखवलं त्यानं."

मग पस्तीस वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. पत्र वाचून भगवान हसला होता. बायको नको म्हणते, तरी मी जाणारच, म्हणाला. त्यानं टोपडी विकत आणली, पेटी भरली, वरून दोरी आवळली. चंपतराव दोन दिवस त्याच्या मागं लागला, पाया पडला. भगवान बधेना.

"मंग मीनं ते पत्र त्याच्या हातात देल्लं. म्हणलं, माह्यं नको आयकू, वयनीचं तरी आयक. त्यानं ते पुना वाचलं. मंग म्हणे, जाय तू. पेटी त्यानं पुना उघडली नाही. राहू दे तशीच म्हणे, डिसेंबरात लागनच."

चंपतरावाची माय त्या दुखण्यातून उठली आणि पुढं चौदा वर्षं जगली. ओरबाडून घेतलेली रजा त्याच्या गोष्टीत दिलेली झाली, कारण दुसरी कुठलीच गोष्ट त्याला सांगता आली नसती. तो लहान मुलासारखा रडत होता. बयनाबाईला त्याचा गळा धरावासा वाटला. स्वतःचाही धरावासा वाटला, आणि डिसेंबर म्हणणाऱ्या सगळ्यांचाही. तिला रडू येईना. ती पेटी पलटणीतल्या कुणी भरलीच नव्हती. ती त्यानं स्वतः घरी यायला भरली होती, आणि तिच्या चार ओळींनी ती तिथंच ठेवली.

शाळेत झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं. बयनाबाईनं कापड ओढलं. प्रतिभानं दगडावरची ओळ माइकवर वाचली आणि वाचताना तिचा आवाज भरून आला. सरपंचांनी माइक बयनाबाईपुढे धरला, दोन शब्द बोला म्हणाले. हे खोटं आहे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला लेकीचा चेहरा दिसला. बापाचं म्हणून प्रतिभाकडे त्या ओळीशिवाय काहीच नव्हतं.

"त्यायले यायचं होतं," बयनाबाई म्हणाली. "पेटी भरून ठेवली होती त्यायनं."

पुढं काही बोलेल म्हणून लोक थांबले. तिनं माइक परत दिला. मग टाळ्या वाजल्या, पोरांनीही वाजवल्या. चंपतराव फाटकाला धरून उभा होता, त्याचे हात काही सुटले नाहीत.